मुंबई महानगर प्रदेशाची लोकसंख्या काढायची कशी: हद्द, तक्ते आणि हिशेब

मुंबईची लोकसंख्या किती, या प्रश्नाला २०११च्या एकाच जनगणनेतून चार उत्तरं निघतात: १ कोटी २४ लाख, १ कोटी ८४ लाख, सुमारे २ कोटी २८ लाख आणि २ कोटी ६१ लाख. यातलं एकही चूक नाही. पहिला आकडा बृहन्मुंबई महापालिकेचा आहे आणि दुसरा जनगणनेच्या भाषेतल्या बृहन्मुंबई नागरी समूहाचा. तिसरा मुंबई महानगर प्रदेशाचा, म्हणजे एमएमआरचा, तोही त्या वेळच्या हद्दीतला. चौथा मुंबई शहर, मुंबई उपनगर, तेव्हाचा अखंड ठाणे आणि रायगड या चार जिल्ह्यांची सरळ बेरीज आहे. त्यात जव्हार-मोखाड्यापासून पोलादपूरपर्यंतची माणसंही येतात, ज्यांचा मुंबईच्या लोकलशी रोजचा काही संबंध नाही.

प्रकल्प अहवाल, बातमी किंवा प्रबंध लिहिताना गोंधळ होतो तो यातला एक आकडा अंशात आणि दुसरा छेदात पडल्यामुळे. म्हणून पहिलं काम हद्दीचं.

हद्द ठरवा आणि लिहून ठेवा

वहीच्या पहिल्या पानावर किंवा एक्सेलच्या पहिल्या शीटवर तुमच्या हिशेबात काय धरलंय ते नावानिशी लिहा. पर्याय मुळात तीनच आहेत.

नागरी समूह ही जनगणना कार्यालयाची व्याख्या आहे. सलग पसरलेली शहरी वस्ती, त्यात किमान एक वैधानिक शहर (महापालिका, नगरपरिषद अशी कायद्याने शहर ठरलेली वस्ती) आणि मिळून किमान २०,००० लोकसंख्या. २०११मध्ये बृहन्मुंबई नागरी समूहात आठ शहरं होती: बृहन्मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर. वसई-विरार आणि भिवंडी यात नाहीत. विरार लोकलच्या गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला हे पटणार नाही, पण तक्त्यात तसंच आहे. १ कोटी ८४ लाखांचा आकडा वापरून ‘वसई-विरारसह’ असं लिहिणं ही या विषयातली सगळ्यात जास्त आढळणारी चूक.

एमएमआर ही नियोजनाची हद्द आहे आणि ती राज्य सरकारच्या अधिसूचनेने ठरते. मुंबईचे दोन्ही जिल्हे, ठाणे जिल्ह्यातले ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ आणि भिवंडी तालुके, पालघर जिल्ह्यातला वसई आणि विस्तारानंतर पालघर तालुका, रायगडातले उरण, पनवेल, कर्जत, खालापूर, पेण आणि अलिबाग. मुरबाड आणि शहापूर बाहेर आहेत. रायगडातले काही तालुके विस्ताराआधी अर्धेमुर्धेच आत होते, त्यामुळे जुन्या हद्दीचा हिशेब करायचा असेल तर तालुक्याच्या आकड्यावर भागत नाही, अधिसूचनेतली गावांची यादी हाताशी लागते. क्षेत्रफळ आधी सुमारे ४,३५५ चौ. किमी होतं, विस्तारानंतर ६,३२८ चौ. किमी झालं. आता जुन्या हद्दीतली २ कोटी २८ लाख माणसं नव्या ६,३२८ने भागली की घनता सुमारे ३,६०० निघते. जुन्याच क्षेत्रफळाने भागली तर ती सुमारे ५,२०० येते. माणसं तीच आहेत, फक्त छेद चुकला आहे.

तिसरा पर्याय पूर्ण जिल्ह्यांचा. जुन्या दशकांशी तुलना करायला हा सगळ्यात सोपा, कारण जिल्ह्याच्या हद्दी कमी वेळा बदलतात आणि १९०१पासूनची मालिका तयार मिळते. फक्त मथळ्यात ‘महानगर’ न म्हणता ‘चार जिल्हे’ किंवा ‘पाच जिल्हे’ म्हणा.

कोणते तक्ते घ्यायचे

मूळ आकड्यांसाठी ‘प्राथमिक जनगणना गोषवारा’ घ्या, इंग्रजी आद्याक्षरांनी पीसीए. त्यात कुटुंबं, स्त्री-पुरुष, ०-६ वयाची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर आणि काम करणारे एवढं सगळं गाव, शहर आणि वॉर्डापर्यंत मिळतं. जिल्ह्यांच्या दशकवार वाढीसाठी ए-२, शहरांच्या १९०१पासूनच्या वाढीसाठी ए-४, वयासाठी सी-१३ आणि सी-१४, मातृभाषेसाठी सी-१६, स्थलांतरासाठी डी मालिका, घरं आणि सोयींसाठी एचएच मालिका. कामावर जाण्याचं अंतर आणि वाहन बी-२८मध्ये आहे. जिल्हा जनगणना पुस्तिकाही उतरवून घ्या. तिच्यातले नकाशे आणि तळटीपा पुढे फार उपयोगी पडतात.

फाइल उघडल्यावर तीन गोष्टी लगेच बघा.

एक, आकडे अंतिम आहेत की तात्पुरते. २०११चे तात्पुरते आकडे आधी प्रसिद्ध झाले आणि आजही इंटरनेटवर तेच जास्त फिरतात. नागरी समूहाचा तात्पुरता आकडा १,८४,१४,२८८ होता, अंतिम १,८३,९४,९१२. फरक किरकोळ वाटतो, पण एका रकान्यात दोन्ही मिसळले की बेरीज कधीच जुळत नाही आणि चूक कुठे आहे ते शोधण्यात दिवस जातो.

दोन, एकच माणूस किती ओळींत मोजला गेलाय. पीसीएच्या एकाच शीटमध्ये एकूण, ग्रामीण आणि नागरी अशा तीन ओळी असतात. शिवाय जिल्हा, तालुका, शहर, वॉर्ड आणि गाव अशा पातळ्या एकाखाली एक येतात. सगळा रकाना निवडून बेरीज मारली तर आकडा कितीतरी पट फुगतो. आधी पातळीच्या रकान्याला फिल्टर लावा, मग एकूण-ग्रामीण-नागरीच्या रकान्याला, आणि मगच बेरीज करा.

तीन, दोन तक्त्यांची जोडणी नावाने करू नका, कोडने करा. जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यात आपल्या रायगडाचं स्पेलिंग छत्तीसगडमधल्या रायगढसारखंच आहे. देशभराच्या फाइलीत नावाने शोधलं तर दोन्ही हाती लागतात. २०११चे जिल्हा कोड असे: ठाणे ५१७, मुंबई उपनगर ५१८, मुंबई शहर ५१९, रायगड ५२०. राज्याचा कोड २७. कोडचा रकाना एक्सेलमध्ये मजकूर म्हणून आणा. संख्या म्हणून आणलात तर पुढची शून्यं गळतात आणि जोडणी फसते.

नावाचा आणखी एक सापळा नवी मुंबईत आहे. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतची नवी मुंबई महापालिका ठाणे जिल्ह्यात येते. पण रायगडच्या यादीत पनवेल आणि रायगड या शब्दांसह ‘नवी मुंबई’ नावाचं एक वेगळं जनगणना शहरही (कारभार ग्रामपंचायतीचा, पण वस्ती शहरी) आहे, सुमारे १ लाख ९५ हजार वस्तीचं. ती सिडकोच्या वसाहतींची वस्ती आहे. दोन्ही एकच समजून एक ओळ पुसून टाकणारे बरेच आहेत.

बेरीज आणि पडताळा

मोठा हिशेब करण्याआधी एक छोटा हिशेब जुळवून बघा, म्हणजे फाइल बरोबर आहे याची खात्री होते. नागरी समूहाच्या आठ शहरांचे २०११चे अंतिम आकडे:

बृहन्मुंबई १,२४,४२,३७३
ठाणे १८,४१,४८८
कल्याण-डोंबिवली १२,४७,३२७
नवी मुंबई ११,२०,५४७
मीरा-भाईंदर ८,०९,३७८
उल्हासनगर ५,०६,०९८
अंबरनाथ २,५३,४७५
बदलापूर १,७४,२२६

बेरीज १,८३,९४,९१२ यायला हवी, एकाचाही फरक न पडता. पडला तर कुठल्यातरी शहराचा तात्पुरता आकडा घुसलाय. आता यात वसई-विरार (१२,२२,३९०) आणि भिवंडी (७,०९,६६५) मिळवा. २,०३,२६,९६७ होतात. एमएमआरच्या २ कोटी २८ लाखांपर्यंत पोहोचायला उरलेले सुमारे २५ लाख पनवेल, उरण, खोपोली, कर्जत, पेण, अलिबाग आणि वरच्या यादीत न दिसणारी शेकडो गावं व जनगणना शहरं यांतून येतात. घाईत हाच भाग सुटतो.

जनगणना शहर म्हणजे प्रशासनाच्या लेखी ग्रामपंचायत, पण वस्ती शहरी: किमान ५,००० लोक, चौरस किलोमीटरला किमान ४०० घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात. महापालिका आणि नगरपरिषदा बेरजेत घेऊन बाकी सगळं ‘ग्रामीण’ म्हणून सोडलं तर ही शहरं निसटतात, आणि नेमकी तीच सगळ्यात वेगाने वाढत असतात.

दोन सालांची तुलना करताना

२००१ ते २०११ मध्ये कल्याण-डोंबिवली किती वाढली? तक्ता सांगतो, ११,९३,५१२वरून १२,४७,३२७. दहा वर्षांत जेमतेम साडेचार टक्के. ज्या दशकात आख्खा ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला, त्या दशकात डोंबिवली थांबली होती यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. झालं असं, की २००१च्या मोजणीत २७ गावं महापालिकेत होती. २००२मध्ये ती वगळली गेली. २०११ची मोजणी त्यांच्याशिवाय झाली. २०१५मध्ये ती पुन्हा महापालिकेत आली. म्हणजे पुढच्या जनगणनेत नेमकं उलटं होईल आणि वाढ खोटीच मोठी दिसेल.

यावर उपाय एकच: दोन्ही सालांसाठी एकच हद्द धरायची. २०११ची हद्द प्रमाण माना. जी गावं तेव्हा बाहेर होती त्यांचे २००१चे आकडे शोधून महापालिकेच्या २००१च्या आकड्यातून वजा करा. हद्द बदलली की नाही हे ए-४ तक्त्याच्या तळटीपांत मिळतं. वसई-विरारचं काम याहून किचकट आहे. ही महापालिका २००९ची. तिचा २००१चा आकडा तयार मिळतच नाही. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि नंतर सामील झालेली गावं जोडून तो बांधावा लागतो. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ची, म्हणून २०११च्या यादीत फक्त १ लाख ८० हजारांची पनवेल नगरपरिषद दिसते. खारघर, कामोठे, कळंबोली दुसरीकडे शोधावी लागतात.

जिल्ह्यांचंही तेच. पालघर १ ऑगस्ट २०१४ला वेगळा झाला. अखंड ठाण्याच्या १,१०,६०,१४८पैकी २९,९०,११६ माणसं पालघरच्या आठ तालुक्यांतली आणि ८०,७०,०३२ आजच्या ठाण्यातली. आजच्या ठाण्याचा आकडा जुन्या ठाण्याच्या २००१शी लावला की लोकसंख्या घटल्याचं दिसतं. असे आलेख प्रत्यक्षात छापून येतात.

खरी घट मात्र एका ठिकाणी आहे. मुंबई शहर जिल्हा ३३,३८,०३१वरून ३०,८५,४११वर आला, म्हणजे साडेसात टक्के उणे. उपनगर ८.३ टक्के वाढलं. दोन्ही मिळून बृहन्मुंबईची वाढ चार टक्क्यांच्याही आत राहिली. गिरणगावातल्या खोल्या विकून माणसं डोंबिवली, बदलापूर, विरारकडे गेली, त्याचं हे तक्त्यातलं रूप.

लोकांची घडण मोजताना

इथे बेरजेपेक्षा भागाकार जास्त चुकतात. गुणोत्तरांची सरासरी कधीही काढू नका. मुंबई शहरात हजार पुरुषांमागे ८३२ स्त्रिया, उपनगरात ८६०. सरासरी ८४६ येते. पण खरं उत्तर ८५३ आहे, कारण उपनगराची लोकसंख्या शहराच्या तिप्पट आहे. आधी पुरुष जोडा (१६,८४,६०८ + ५०,३१,३२३), मग स्त्रिया (१४,००,८०३ + ४३,२५,६३९) आणि शेवटी एकदाच भागा. साक्षरता, कुटुंबाचा आकार, घनता, सगळीकडे हाच नियम. साक्षरतेत छेद म्हणून एकूण लोकसंख्या घ्यायची नसते, ०-६ वयाची मुलं वजा करून उरलेली घ्यायची असते.

एवढं कमी स्त्री-प्रमाण बघून थेट मुलींच्या जन्माचा निष्कर्ष काढला जातो, तो टाळा. एकट्याने कामाला आलेले पुरुष हे इथलं मोठं कारण आहे. रायगडात हेच प्रमाण ९५९ आहे, कारण तिथून पुरुष बाहेर जातात. मुलींच्या जन्माबद्दल बोलायचं तर ०-६ वयोगटाचं प्रमाण वेगळं काढा.

वयाच्या तक्त्यात वय सांगताना लोक ३०, ३५, ४० असे गोल आकडे सांगतात. सी-१३मधल्या एकेका वर्षाचा आलेख काढला तर पाच-पाच वर्षांनी सुळके दिसतात. ते खरे नसतात. पाच वर्षांच्या गटांचा सी-१४ वापरा.

भाषेचा तक्ता राजकारणात सगळ्यात जास्त वापरला जातो आणि सगळ्यात कमी वाचला जातो. बृहन्मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे २००१मधल्या सुमारे ४५ लाखांवरून २०११मध्ये सुमारे ४४ लाखांवर आले आणि हिंदी सांगणारे सुमारे २६ लाखांवरून ३६ लाखांवर गेले. पण सी-१६मधल्या ‘हिंदी’ या मथळ्याखाली भोजपुरी, मगही, मारवाडी, राजस्थानी अशा बऱ्याच बोली मिळवलेल्या असतात. मालवणी सांगणारा कोकणीत मोजला जातो. कोळी मराठीत येते आणि पालघरची वारली भिलीच्या गटात. मथळ्याचा आकडा घेण्याआधी त्याखालच्या ओळी उघडून बघा. मराठी कमी झाली की मराठी माणसं महापालिकेची हद्द ओलांडून पलीकडे गेली, याचं उत्तर ठाणे आणि रायगडचा सी-१६ शेजारी ठेवल्याशिवाय मिळत नाही.

स्थलांतरातही हद्दीचाच प्रश्न आहे. डी मालिकेत जन्मस्थळावरून मोजणी वेगळी आणि मागच्या वास्तव्यावरून वेगळी. परळहून डोंबिवलीला गेलेलं कुटुंब ठाण्याच्या तक्त्यात ‘राज्याच्या इतर जिल्ह्यातून आलेले’ म्हणून दिसतं, कोल्हापूर किंवा जालन्याहून आलेल्या कुटुंबासारखंच. म्हणून चार जिल्ह्यांचे स्थलांतरित जोडून ‘महानगरात बाहेरून आलेले’ म्हणता येत नाही, कारण आतल्या आत हललेले त्यात मिसळलेले असतात. जिल्ह्याच्या तक्त्यातून ते वेगळे काढता येत नाहीत. निर्धास्तपणे वापरता येतो तो फक्त इतर राज्यांतून आणि परदेशातून आलेल्यांचा आकडा.

झोपडपट्टीचा आकडा वापरताना एक मर्यादा लक्षात ठेवा. २०११मध्ये बृहन्मुंबईत सुमारे ५२ लाख, म्हणजे जवळपास ४२ टक्के माणसं झोपडपट्टीत मोजली गेली. पण ही गणना फक्त वैधानिक शहरांपुरती होती. जनगणना शहरांतल्या आणि गावांतल्या तशाच वस्त्या तिच्यात नाहीत. त्यामुळे महानगराच्या काठावरचं प्रमाण तक्त्यात नेहमी कमी दिसतं.

आजचा अंदाज बांधताना

२०२१ची जनगणना झाली नाही. केंद्राच्या तांत्रिक गटाने २०२०मध्ये दिलेले २०११ ते २०३६चे अंदाज राज्यापुरते आहेत, जिल्ह्याचे त्यात नाहीत. म्हणून जो तो आपापली पद्धत लावतो, आणि बहुतेक जण मागच्या दशकाचा टक्का पुढे चालवतात. हे किती महागात पडतं ते अखंड ठाणे जिल्ह्यावर तपासून बघा. १९९१मध्ये तिथे ५२,४९,१२६ लोक होते, २००१मध्ये ८१,३१,८४९. वाढ ५४.९ टक्के. हाच टक्का पुढे लावला असता तर २०११चा अंदाज सुमारे १ कोटी २६ लाख आला असता. प्रत्यक्षात १ कोटी १० लाख ६० हजार निघाले. चूक १५ लाखांची. उलट दशकात जितकी माणसं वाढली तितकीच पुन्हा वाढतील असं धरलं (२८,८२,७२३ अधिक), तर अंदाज १,१०,१४,५७२ येतो. चूक ४६ हजारांहून कमी. सरळ बेरीज नेहमीच इतकी अचूक ठरेल असं नाही. पण मोठ्या झालेल्या प्रदेशात टक्का टिकत नाही, हे पक्कं.

२०११पासून २०२६च्या मार्चपर्यंत अखंड ठाण्यासाठी सरळ पद्धतीने सुमारे १ कोटी ५४ लाख ५० हजार येतात, टक्क्याने सुमारे १ कोटी ७५ लाख ५० हजार. एकच आकडा छापण्यापेक्षा ही दोन टोकं द्या आणि पद्धत लिहा. पाणीपुरवठ्याच्या अहवालात वरचं टोक सोयीचं असतं, निधीवाटपाच्या भांडणात कोणाला खालचं. म्हणूनच पद्धत न सांगता दिलेला अंदाज स्वीकारू नये.

बाहेरून पडताळा घेताना प्रत्येक साधनाची खोड माहीत हवी. जन्मनोंदणी जन्म जिथे झाला तिथे होते. बाळंतपणाला माहेरी गेलेल्या सुनेचं बाळ साताऱ्यात नोंदतं आणि बदलापूरच्या बाईचं बाळ मुंबईच्या रुग्णालयात. मतदार याद्यांत मृत आणि स्थलांतरितांची नावं राहून जातात. घरगुती वीजजोडण्या चांगलं साधन आहे, पण कर्जत-नेरळकडे सुट्टीपुरती उघडणारी घरं भरपूर. तिथे जोडण्या गुणिले कुटुंबाचा आकार केलं तर आकडा फुगतो. आधी एचएच मालिकेतून रिकाम्या घरांचं प्रमाण काढून तेवढ्या जोडण्या वजा करा.

आणि दिवसाची लोकसंख्या वेगळी. जनगणना माणूस राहतो तिथे मोजते. फोर्ट किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) दुपारी किती माणसं असतात ते पीसीएत शोधू नका, त्यासाठी बी-२८ आणि प्रवासाची सर्वेक्षणं लागतात.

२०२७च्या आकड्यांची तयारी

पुढच्या जनगणनेची संदर्भवेळ १ मार्च २०२७ची पहिली घटका आहे आणि तिच्यासाठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ला गोठवल्या गेल्या. या तारखेनंतर झालेले हद्दबदल तक्त्यात दिसणार नाहीत. आकडे हाती येण्याची वाट न बघता आत्ताच एक जोडपत्रक करून ठेवा. पहिल्या रकान्यात २०११चा गाव किंवा शहर कोड, दुसऱ्यात तेव्हाचा तालुका आणि जिल्हा, तिसऱ्यात आजचा तालुका-जिल्हा, चौथ्यात आजची महापालिका किंवा नगरपरिषद, पाचव्यात एमएमआरच्या जुन्या हद्दीत होतं का, सहाव्यात नव्या हद्दीत आहे का. पालघरचे आठ तालुके, कल्याणची २७ गावं, पनवेल महापालिकेतली गावं आणि वसई तालुका एवढं आधी भरा, कारण सगळे घोळ तिथेच होतात. नवे कोड प्रसिद्ध झाले की सातवा रकाना जोडायचा.